दोन छापा

३ फेब्रु., मंगळ.
मिरजेहून कराडला परत. चिऊला रक्त चढवून आणलं. आता तीन आठवडे गाल लाल. पाच वर्षांची पोर, सुई बघून रडतही नाही. तेच बघवत नाही.
मायाला तिसरा महिना. डॉ. बाई म्हणाल्या, पोटातल्यालाही थॅलेसेमिया आहे का बघून घ्या, आठवड्याभरात या, पुढं उशीर होईल. जावईबापू केरळातलं सोनं गाळायचं, गलाईचं दुकान भावावर टाकून आलेत. गाडीत म्हणाले, "मामी, चारात एक म्हनली न्हवं बाई? एक झाली की आमची. आता पुढची तीन चांगलीच." मोबाइलातला फोटो दाखवला. दवाखान्याच्या भिंतीवरचं चित्र, चार बाळं, एक रंगवलेलं. त्यावर बोट ठेवून, "ही चिऊ."
तसं नसतं. पण सांगू कसं, शब्द सापडेना. आणि मायाची मान त्यांच्या बाजूनं हललेली मी बघितली.

५ फेब्रु.
रद्दीत आलेलं बारावीच्या गणिताचं पुस्तक परत काढलं, शक्यतांचा धडा. सातवीपर्यंतची बाई मी. आमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरता फिरता वाचून डोक्यात शिरलं तेवढंच. उदाहरणं सगळी बल्बची न् कारखान्याची. आमच्या घरात काय कामाची.
चिंचोके फोडून फेकून बघितले. लबाड निघाले, एकाच अंगावर जास्त पडतात. शेवटी रुपयाची दोन नाणी. एक आईचं, एक बापाचं. एकच छापा पडला तर माया-जावयांसारखं, अंगात असून त्रास नाही. दोन्ही छापा, तर चिऊसारखं.

६ फेब्रु.
चहाला जावयांना बसवलं. पहिली चिऊ म्हणून दोन छापा मांडूनच ठेवले. "आता पुढची तुम्ही फेका." तीनदा फेकलं. तिन्ही वेळा चांगलं.
"बघा मामी, मी काय म्हनत हुतो?"
वर्षात एवढा हसलेला नव्हता हा माणूस. माझंच औषध मला बाधलं. आत मायाचा भाकरी थापायचा आवाज थांबलेला. दिवस चाललेत.

८ फेब्रु., रवि.
एका घरानं कळत नाही. घरं पुष्कळ हवीत. दळणाला येईल त्या बाईच्या हातात नाणी दिली. चारदा फेक, ही तुझी चार पोरं. भिंतीवर खडूनं लिहीत गेले. आजाराला गोल, बऱ्याला रेघ. शेवंता म्हणाली, "आवं आक्का, पीठ निघंस्तवर चार बाळंतपनं उरकत्याल की माझी." हशा. मग तिलाच गोल पडला. परत गोल. तिसराही गोल. नाणी पदराला पुसून फळीवर ठेवली. "नगं आक्का. मला न्हाई ह्यो खेळ खेळायचा."
कुणाच्या घरी चारी रेघा. तिच्या शेजारणीच्याच.

९ फेब्रु.
माया गिरणीत आली. भिंतीपुढं बराच वेळ उभी. म्हणाली, "आई, ज्यांचं पहिलंच गोल, तेवढीच घरं दाव मला."
हे मला सुचलं नव्हतं. तेवढी शोधली. मग त्यांचं दुसरं बघत गेलो. बहुतेकांना रेघ, कुणाकुणाला परत गोल. बाकीच्या घरांसारखंच. पहिला गोल पडला म्हणून दुसऱ्याला कुठं सूट नाही.
मागं जावई उभे, हातात दळणाचा डबा. कधी आले कळलं नाही. माया त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "अवं, परवा मिरजंला जायाचं." त्यांनी डबा खाली ठेवला, एवढंच.
मला हवं ते झालं. तरी रात्री भिंतीवरचे गोल परत मोजले.

११ फेब्रु.
तपासणी झाली. पोटातून सुई. निकाल दहाबारा दिवसांनी, फोन करतील.
घरी आल्यावर चिऊ, "आज्जे, दोन छापा पडलं की समद्या बाया तोंड का पाडत्यात?"
मी पाणी प्यायला उठले.
"दोन छापा म्हंजी मी ना?"
"व्हय गं माझी बाय." भिंत ओल्या फडक्यानं पुसली. इतके दिवस पोर तिथंच बसून खेळत होती, मला दिसली कशी नाही.

१७ फेब्रु.
निकाल नाही. आजारी निघालं तर पुढं काय, घरात कुणी तोंडातून काढत नाही. मीही नाही. देवापुढं हात जोडले, आणि मागायचं काय तिथंच अडले. आजारी पोर नको म्हणावं तर चिऊच समोर...

२४ फेब्रु., मंगळ.
मिरज. चिऊ खाटेवर. एका हातात सुई, दुसऱ्यात तीच नाणी. फळीवरून कुणी काढून दिली कोण जाणे. चादरीवर उडवते. एक छापा एक काटा पडला की "ह्यो पप्पा." मग दोन्ही छापा पडले. टाळी वाजवता येईना, तर मांडीवर थाप मारून, "मी आले, मी आले." शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.
तेवढ्यात जावयांच्या खिशातला फोन वाजला. लॅबचं नाव बघून ते खिडकीशी गेले. पाठ आमच्याकडं. माया माझं मनगट धरून बसलीय, डाव्या हाताचं, म्हणून हे लिहिता येतंय.
चिऊ म्हणते, "आज्जे, आता तू फेक की." नाणी वहीवर आणून ठेवलीत. तिच्या हातातली ऊब अजून आहे त्यांना. उचलीन. काय पडू दे म्हणून उचलू, तेवढं ठरलं की.