डावीकडे ओढणारी गाडी

पाळी, डिचोली
२ डिसेंबर २००६

प्रिय महादेव,

आपल्या अण्णांची मॉरिस गाडी पंधरवड्यापूर्वी भंगारवाल्याने नेली. माडाच्या चुडतांच्या शेडखाली इतकी वर्षं उभी होती, तिथे आता चार चिरे आणि तेलाचा काळा डाग तेवढा उरलाय. तुझी वहिनी चंद्रावती म्हणाली, बरं झालं, लाकडं रचायला जागा झाली. बेळगावात थंडी पडली असेल. तुझं मनगट अजून दुखतं का? सेजलचं लग्न ठरल्याचं मागच्या पत्रात कळवलं होतं. मुलगा फोंड्याचा, प्रज्योत नाव, बँकेत आहे, कमी बोलणारा. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण पलीकडून तू ‘दादा’ म्हणालास की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एकोणीस वर्षं ती तशीच चिकटलेली आहे.

आपण ती गाडी दुरुस्त करायला काढली, ते दिवस मला अलीकडे फार आठवतात. अण्णांनी पोर्तुगिजांच्या राज्यात डिचोली-फोंडा असे पॅसेंजर तिच्यातून नेले. अण्णा वारल्यावर चार पावसाळे ती परसात पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी आत पाय ठेवला तर तळाचा पत्रा पापडासारखा मोडला आणि पाय थेट जमिनीला टेकला. तू पोट धरून हसलास. मी सुर्ल्याला खाणीच्या गॅरेजात डेंटर, ट्रकांच्या केबिनी ठोकण्यात माझी हयात चाललेली. तू शाळामास्तर. बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हेही तुला विचारावं लागे. तरी रोज संध्याकाळी शाळेतून आलास की धोतराचं जुनं फडकं हाताला गुंडाळून माझ्याबरोबर गाडीखाली सरकायचास.

गाडी चिऱ्यांवर उचलून आपण तळ पूर्ण कापून काढला, नवा पत्रा बसवला. दारांखालच्या पट्ट्या मी तीनदा वाकवल्या तेव्हा कुठे सरळ रेषेत आल्या. मागचे स्प्रिंगचे पाटे सोडवून रॉकेलने धुतले. तुझी शेवंती सेजलला मांडीवर घेऊन मडगार्डावर पॉलिशपेपर घासायची. दोघी मायलेकी पुट्टीच्या भुकटीने पांढऱ्या होऊन जायच्या. रंग तिनेच निवडला. कोवळ्या केळीच्या पानाचा. मी म्हटलं, हा काय गाडीचा रंग? ती म्हणाली, ‘भावोजी, बसणार मी आहे ना?’

त्याच वर्षी भाषेच्या वादाने गाव दुभंगलं होतं. तू मराठीच्या सभेत बोलायचास, मी कोकणीच्या मोर्चात चालायचो. जेवताना आपण एकमेकांकडे बघत नव्हतो. पण गाडीखाली पाठ टेकली की ‘पाना दे’, ‘तो धर’ एवढंच बोलणं असायचं, आणि तेवढ्यावर आपण भाऊ राहिलो होतो. वाद कितीही पेटला तरी ती गाडी आपल्याला वेगळं होऊ देणार नाही, असं मी चंद्रावतीला सांगायचो.

मग मे महिन्यात गोव्याच्या घटकराज्याची तारीख कळली, आणि मी बाजारात चार माणसांसमोर बोलून बसलो की राज्य होईल त्या दिवशी आमची मॉरिस शेवंतीला घेऊन पेडण्याला तिच्या माहेरी जाईल. लोक रोज विचारू लागले, काय किस्नाथ, होते ना गाडी? आणि गाडी झाली नव्हती, महादेव. बाहेरून झाली होती.

पुढच्या चाकाला एक उभी खीळ असते. तिच्या दोन्ही टोकांना आटे असतात, त्यांवर अख्खं चाक तोललेलं असतं आणि वळतं. डाव्या चाकाची ती खीळ मी सोडवली तेव्हा खालचे आटे बोटाला लागलेच नाहीत. झिजून गुळगुळीत झाले होते. नवी खीळ तुझ्याच आजच्या गावाहून, बेळगावाहून यायची होती. ती आली नाही. मी जुनीच पुसली, ग्रीस कोंबलं आणि परत बसवली. हात लावून पाहिलं तर चाक घट्ट वाटलं. ग्रीसमुळे वाटलं, हे मला कळत होतं. आदल्या दिवशी तू सुर्ल्यापर्यंत चक्कर मारून आलास आणि म्हणालास, ‘दादा, गाडी डावीकडे वडटा.’ मी म्हटलं, ‘नवे टायर आहेत, बसतील.’ गाडी का ओढतेय, हे त्या क्षणी जगात एकट्या मला ठाऊक होतं.

राज्य झालं त्या सकाळी शेवंतीने बॉनेटला अबोलीच्या फुलांचा वळेसर बांधला. सेजलला ताप होता म्हणून ती आमच्याकडे राहिली. तू चालवत होतास. अस्नोड्याच्या उतारावर डावं चाक आत दुमडलं, गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली, आणि डाव्या बाजूला शेवंती बसली होती.

गॅरेजचा ट्रक घेऊन गाडी आणायला मीच गेलो. खीळ निसटून रस्त्यात पडली होती. ती मी खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी खाणीच्या पाण्यात टाकली. पोलिसाने विचारलं, ‘गाडी कोणी केली?’ मी म्हटलं, ‘मी. गाडीत दोष नव्हता.’ तू शेजारीच मोडलेला हात गळ्यात बांधून बसला होतास. म्हणालास, ‘माझीच चूक, मी वेगात होतो.’ तू आयुष्यात सायकलसुद्धा वेगात चालवली नाहीस! तरी मी गप्प बसलो. गावाने तुला खुनी म्हटलं, तेव्हाही. तू चार वर्षांची पोर आमच्या ओटीत टाकून निघालास, ‘हिच्याकडे बघवत नाही, दादा’ म्हणालास, तेव्हा मी तुला स्टँडपर्यंत पोचवायला आलो. तुझी पिशवी मी धरली होती.

आम्हाला मूल नव्हतं. सेजल पहिल्यांदा मला बाबा म्हणाली, तेव्हा मी तिला थांबवलं नाही. तू जन्मदाता हे ठाऊक असून तुला ती काका म्हणते, तेही मी सुधारलं नाही. तिची शाळा, तिची आजारपणं, तिचा पहिला पगार, सगळं मला मिळालं. दर वर्षी वाटायचं, या वर्षी खिळीचं सांगू. मग ती काहीतरी हसत सांगायला यायची आणि मी ठरवायचो, अजून एक वर्ष.

गेल्या रविवारी आम्ही पत्रिकांवर नावं घालत होतो. चंद्रावती म्हणाली, पहिली महादेवाला. सेजलने पेन खाली ठेवलं. म्हणाली, ‘माझ्या आईला ज्यांनी मारलं त्यांचा हात माझ्या डोक्यावर नको.’ मी सगळं सांगितलं. खीळ, ग्रीस, पाणी, सगळं. तिने एकच विचारलं, ‘काकांना ठाऊक आहे?’ मी नाही म्हटलं. ती उठून आत गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. चंद्रावती वाढते, पण बोलत तीही नाही. काल रात्रीचं जेवण झाल्यावर सेजल माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाली, ‘लिहून द्या. हे मी माझ्या तोंडाने त्यांना सांगणार नाही.’ म्हणून हे पत्र. ती सोमवारच्या बसने तुझ्याकडे येते आहे आणि पाकीट तीच तुझ्या हातात देईल. लग्नात तिचा हात तू द्यायचास. मी मांडवात नसेन, ते चंद्रावतीला सांगून ठेवलंय. मला क्षमा कर असं लिहायला बसलो होतो, पण ती मागायची कोणत्या तोंडाने? एवढंच कर. तिला बस लागते. उतरल्यावर तासभर तिला काही खायला जात नाही, आग्रह करू नकोस. आधी पाणी दे, आणि ती आपणहून बोलेपर्यंत थांब.

तुझा म्हणायला आता धजत नाही, तरी तुझाच,
कृष्णनाथ