मृतांच्या चिठ्ठीतले नाव

क्रीट, सोमवार, ५ मार्च १९६२

चिरंजीव बंधू मनूसोस,

परमेश्वर तुझे रक्षण करो. आई आणि मी कुशल आहोत, असे लिहिण्याचा प्रघात आहे, तो पाळतो.

यंदा बदाम लवकर फुलला. ओढ्याकाठी जांभळी रानफुले आली आहेत. माझ्या रानवनस्पतींच्या ग्रंथासाठी काल नोंद करू लागलो: रानबडीशेप कोवळी असताना तिचे सारण भरून आई तव्यावर पातळ पोळ्या भाजते. नोंद तिथेच थांबली. आई शनिवारपासून अंथरुणावरून उठलेली नाही, जेवतही नाही.

शनिवारी मृतांचे स्मरण होते. उकडलेल्या गव्हात डाळिंबाचे दाणे घालून परात नेली. सोबत प्रार्थनेत वाचायच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या, नेहमीप्रमाणे माझ्याच हातच्या. एक जिवंतांची, दुसरी मृतांची. गुडघ्यांमुळे आई कित्येक वर्षे चर्चला आली नव्हती. यंदा शेजारच्या आर्गिरोने तिला गाढवावर बसवून आणले. पाद्रीबुवांनी दुसरी चिठ्ठी वाचली. आजोबा, बाबा, आत्या. मग तुझे नाव.

"माझा मनूसोस कधी गेला रे?" आईने सर्वांदेखत विचारले.

"चूक झाली, आई. चिठ्ठ्यांत नावाची अदलाबदल झाली."

"तुझ्या हातून? उपासाचा एक दिवस कधी चुकला नाही तुझा, आणि भाऊ चुकला?"

चूक नव्हती. पाद्री म्हणून तुझ्या दीक्षेच्या आदल्या दिवशी तू बोटीवर चढून पिरेअस बंदराला गेलास, त्या वर्षीपासून, अकरा वर्षे, मी तुझे नाव मृतांत लिहीत आलो. तुझी तीन पत्रे न फोडता परत पाठवली. पत्ता तेवढा उतरवून घेतला, का ते मलाही ठाऊक नाही. त्या शनिवारच्या आधीच्याच रविवारी, परतलेल्या धाकट्यासाठी घरात मेजवानी चालली असता रागाने बाहेर उभ्या राहिलेल्या थोरल्या भावाचा बायबलमधला प्रसंग चर्चमध्ये वाचला गेला. चाळीस वर्षे तो मी शाळेत मुलांना शिकवला आहे.

मी शपथ घेऊन आईला सांगितले, मनूसोस जिवंत आहे. ती म्हणाली, "मग पत्र का नाही आलं एकही? देवासमोर वाचलेलं नाव आहे. मला आता फसवू नकोस."

म्हणून पत्र पाठवू नकोस. तिला वाचता येत नाही, आणि मी वाचलेल्यावर तिचा विश्वास उरलेला नाही. तू स्वतः ये. मिळेल त्या बोटीने ये. माझ्याशी बोलू नकोस हवे तर. पण तिच्या उशाशी बसून एकदा "आई" म्हण.

तुझ्या क्षमेस अपात्र, तरी तुझाच थोरला,
स्तिलियानोस