बीरप्पाचा मुखवटा

१७ डिसेंबर, मंगळवार

झालं! पाच विरुद्ध चार. बीरप्पा देवाचा पितळी मुखवटा मुडबीच्या धनगरांना परत द्यायचा, आणि आमच्या बिदरच्या कलादालनाच्या समितीत दोन जागा कायमच्या त्यांच्या. दीड वर्ष या ठरावामागं होते मी. बैठक कन्नडमध्ये, भांडण मराठीत – नेहमीसारखं. अध्यक्ष भगवानराव सही करताना म्हणाले, "विजयश्रीबाई, उद्या प्रत्येक गाव येऊन आपापली वस्तू मागेल. मग दालनात काय, तुम्ही आणि मी उभं राहायचं?"

पन्नास वर्षांपूर्वी कुणी एक साहेब हा मुखवटा आठ दिवसांच्या प्रदर्शनासाठी म्हणून घेऊन गेला. आठ दिवस अजून संपले नव्हते!

मैलूरला घरी आले, कुलूप काढलं. हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी सांगायची बातमी असली की दारातच हाक येते तोंडावर. गिळली. म्हणून इथं लिहिते.

१९ डिसेंबर, गुरुवार

मुडबीहून ईरम्मा आल्या होत्या. ऐंशीच्या पुढं वय. बीरप्पाची पूजा त्यांच्या घराकडं. सोबत नात अंबिका, तिकडंच शाळेत शिकवते. मी काच उघडायला लावली. हार आणून ठेवला होता, फोटोवाला बोलावला होता.

ईरम्मांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले. मग मुखवट्याच्या गालावरून बोटं फिरवायला लागल्या. एकदा. परत. काहीतरी शोधत होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं त्यांना.

"अंबिका, ह्यो कुनाचा आनलाय?"

"आपलाच हाय अव्वा."

"न्हाई. हळद कुठं हाय? गालावर ह्येवढी जाड हळद होती. माझ्या सासूच्या हातची, तिच्या सासूच्या हातची. कुनी काढली?"

अंबिकानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले – इतक्या वर्षांत झिजली असेल.

म्हणाले. असंच म्हणाले!

फोटोवाल्याला परत पाठवलं.

२० डिसेंबर

झिजली नव्हती.

२१ डिसेंबर, शनिवार

लिहूनच टाकते. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी संचालक होऊन चार महिने झाले होते. बेंगळुरूहून मोठे पाहुणे येणार होते. दालनातली प्रत्येक वस्तू लखलखली पाहिजे – हुकूम माझा. मुखवट्यावर हळद, तेल, भंडारा, सगळ्याचा काळपट थर. आमचा शिपाई मृत्युंजय चिंचेचा कोळ नि मीठ घेऊन बसला, आणि बसूनच राहिला. "मॅडम, ही ऱ्हाऊ द्या की. देवाची हाय."

"घाण आहे ती. घासा," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत घासत होता. मोरीत पिवळं पाणी. पाहुण्यांनी मुखवट्याचं फार कौतुक केलं. मलाही तो सुंदर दिसला होता – खरं सांगायचं तर आजही दिसतो.

मग पुढं मीच भाषणं करत फिरले. ज्यांचं नेलं त्यांना मान द्या, त्यांना विचारा, त्यांना खुर्ची द्या. लोक टाळ्या वाजवत. या आठ वर्षांत मोरीतलं ते पाणी मला एकदाही आठवलं नाही? आठवलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा दुसऱ्या कामाला लागले.

२४ डिसेंबर, मंगळवार

भगवानरावांना फोन करून सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. उलट आवाज मऊ झाला. "कामून एवढं मनाला लावून घ्यायलाव? शिपायानं न विचारता घासला म्हणायचं. तो निवृत्त झालाय, त्याचं आता काय बिघडतंय? तुमचं नाव राहतंय, दालनाचं राहतंय, ठरावही राहतोय."

मी लगेच नाही म्हणाले नाही. "बघते," म्हणाले.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. अख्खं बिदर शेतात पूजेला नि जेवायला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. राजेश्वर गावाहून भावाचा फोन – "अक्का, भज्जी तयार हाय, आंबील तयार हाय, तू कवा यायलीस?" ताप आहे म्हणून सांगितलं. शेतात कडब्याच्या कोपीपुढं सगळ्यांच्यात बसायचं, 'आमची अक्का देव परत द्यायलीय' हे ऐकायचं, वर हसायचं – जमलं नसतं.

भात टाकला. एकटीपुरता भात मला अजून मोजता येत नाही, उरतोच.

२ जानेवारी, गुरुवार

मृत्युंजयच्या घरी गेले. तो निवृत्त होईपर्यंत एका दालनात काम केलं, घर आज पहिल्यांदा पाहिलं. सुनेनं चहा केला. मी सगळं सांगितलं, भगवानरावांचंही. तो ऐकत राहिला.

"मग सांगा की माझं नाव. मला कोन काय करनार हाय आता? तुमाला अजून चार वर्षं काढायची हाईत मॅडम."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"फकस्त येक," म्हणाला, "मी त्या दिवशी नको म्हनलो होतो. तेवढं तुमाला याद हाय न्हवं?"

"आहे."

"बस. मग काय बी सांगा."

बाहेर आले, रिक्षा न करता चालत निघाले. कुठं पोचले ते पाटी वाचल्यावर कळलं.

५ जानेवारी, रविवार

मुडबी. देवळापुढच्या कट्ट्यावर तीस-चाळीस माणसं. ठरावाची गोड बातमी ऐकायला जमली होती. बायकांनी हळदीकुंकवाचं ताट करून ठेवलेलं.

उभी राहिले. म्हणाले, हळद झिजली नाही. मी घासायला लावली. मृत्युंजय नावाचा माणूस नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी ईरम्मांशी मी खोटं बोलले.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं! ईरम्मांनी एवढंच विचारलं, "कामून गं?"

"मला ती घाण वाटली."

त्यांनी अंबिकाच्या खांद्याचा आधार घेतला, उठल्या, हळूहळू घराकडं गेल्या. मग एकेक जण उठला. ताट झाकून आत नेलं. गाडीपर्यंत माझ्यासोबत कोणीच आलं नाही. गाडी वळवताना अंबिका पळत आली. काचेजवळ वाकून म्हणाली, "मॅडम, आमी बसून ठरवतो." बस्स.

वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली. रडू असं इतक्या वर्षांनी आलं.

६ जानेवारी, सोमवार

भगवानराव – "दालनाचं नाक कापलंत." राजीनामा लिहून ठेवलाय. तारीख घातली नाही.

९ जानेवारी

मुडबीहून काही नाही. दिवसभर केबिनमध्ये कुणी आलं नाही. पाण्याची बाटलीसुद्धा मीच भरून आणली.

१२ जानेवारी, रविवार

अंबिकाचा फोन. मुखवटा त्यांना नको. नवा घडवायला दिलाय, पहिली हळद ईरम्मा लावणार. समितीतल्या दोन्ही जागा मात्र घेणार – एक तिची, एक अव्वाची. राजीनामा लिहून ठेवलाय हे मी सांगितलं, तर तो पहिल्या बैठकीत त्या दोघी बघणार, भगवानराव नाही. "आनि अव्वा म्हनती, जुना तुमच्याकडंच ठेवा. खाली काय लिवायचं त्ये तिनं सांगितलंय."

दालन आज बंद. किल्ली माझ्याकडं होती. आत गेले, जुनी पाटी काढली, नवी हातानं लिहिली. कन्नडमध्ये, मराठीत.

हा आधी देव होता.