छातीच्या उंचीवरचं माप

सोमवार, ३

त्या दिवशी पाणी भरून झालं होतं. ह्यांचा निळा शर्ट पिळून दोरीवर टाकला. "उद्या हाच घालतो," म्हणाले, आणि दोघंही कारखान्यात गेलो. संध्याकाळी शर्ट वाळला होता. पाच वर्षं झाली, आठवतं ते एवढंच.

माल उचलायच्या होइस्टची साखळी तुटली. हे खाली होते, जागीच गेले. बटण धाकट्या भावजींच्या हातात. "झटका दिला म्हणून तुटली," सगळे म्हणाले. मीही तेच धरून चालले. तेव्हापासून भावजींशी एक शब्द नाही.

आज सुपरवायझर म्हणाले, गुरुवारी साखळी बदलायची. तोच होइस्ट! वर चढणार भावजी.



मंगळवार, ४

नव्या साखळीच्या खोक्यात ती बसवायचं इंग्रजी पुस्तक निघालं. स्टोअर माझ्याकडे, म्हणून पुस्तकही माझ्याकडेच. शब्दकोश घेऊन बसले. जुनी साखळी आधी काढायची नाही — तिच्या मोकळ्या टोकाला उघडी कडी घालून नवी जोडायची, मग हळूहळू चाकावरून ओढून घ्यायची. पीळ पडता कामा नये. टोकाला स्टॉपर हवाच. नसला तर साखळी सुटून सगळा माल खाली!

तीनदा वाचलं. भीती तेवढीच.

बुधवार, ५

पान नऊ. झीज मोजायची ती रोज चाकावरून जाणाऱ्या कड्यांची, शिडी लावून. हुकाजवळच्या कड्या चाकापर्यंत पोचतच नाहीत. त्या नव्यासारख्याच राहतात.

हे खाली उभे राहून मोजायचे. छातीच्या उंचीवर. "लिही गं, मागचंच." मी लिहायचे.

जुनं रजिस्टर काढलं. अपघाताआधीचे चौदा महिने एकच आकडा. माझं अक्षर. चपलेची टाचसुद्धा झिजते, मग दिवसभर राबणारी साखळी कशी झिजत नाही — एकदाही विचारलं नाही मी!

रजिस्टर होतं तिथेच, फळीवर मागे सारलं.

गुरुवार, ६

भावजी शिडीवर, मी बाजूला पुस्तक धरून. "वहिनी साहेब झाल्या, आता आपण घरी गेलो तरी चालेल," सुपरवायझर. कुणी हसलं नाही. नवी साखळी एकेक कडी वर सरकत होती.

भावजी उतरले. बटण हातात घेतलं.

"स्टॉपर?" मी विचारलं. पाच वर्षांतला पहिला शब्द.

त्यांनी खिसा चाचपला. तिथेच होता! चेहरा पांढराफटक. "वहिनी, माझ्या हातून पुन्हा —"

"मेन स्विच बंद करा. लावा आधी," एवढंच म्हणाले. रजिस्टरचं मात्र सांगितलं नाही. भित्री मेली मी!

स्टॉपर लागला. सगळ्यांना लांब उभं करून होइस्ट आधी रिकामा चालवला, मग वजन लावून. साखळीने पेललं.

मला काही झोप येत नाही.

शुक्रवार, ७

कामावरून सुटल्यावर रजिस्टर पिशवीत घातलं आणि भावजींच्या घरी गेले. ती पानं त्यांच्यापुढे उघडली. म्हटलं, "तुमच्या बटणाने नाही, झिजून तुटली, भावजी. हे अक्षर ओळखा."