लोंबतं चाक

३ फेब्रुवारी, मंगळवार

जीपचं मागचं चाक मोकळं सुटलं तर किती खाली लोंबेल? मला सांगता येत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सांगता येत नाही!

फुलसिंगकाकांची जीप आज तयार झाली. तांड्याच्या वाटेवर नाल्यात मागचा भाग दगडांना घासायचा. म्हणून अब्बांनी ती मागून चार इंच उचलली – कमानींना, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांना, जास्त बाक दिला, शॉकअप लांब बसवले. हिशोब सगळा माझा. आमच्या गॅरेजात पहिल्यांदाच कागदावर झालेला! अब्बा येईल त्याला सांगतात, "माह्या पोरीनं, जिकरानं मोजून देल्लं. अंदाज बंद आता."

पोती भरून चालवून पाहिली. मस्त चालली. मग हा प्रश्न मला आत्ताच का सुचावा?

४ फेब्रुवारी

ताटाशेजारी कागद मांडून हिशोब पुन्हा तपासला. अम्मी म्हणाली, "गाडी तं उचलून झाली, आता काहून मोजत बसली?"

५ फेब्रुवारी

अब्बा नमाजला गेले तेव्हा जॅक लावला – चाकाखाली नाही, चासीखाली, गाडीच्या सांगाड्याला. चाक लोंबलं. अजून खाली. अजून. ब्रेकची रबरी नळी तारेसारखी ताणली! शॉकअप लांब घातले आणि नळी तीच जुनी ठेवली. नाल्यात एक चाक हवेत गेलं की ती तुटेल. ब्रेक जातील. आणि पुढे उतार.

आम्ही सगळे वजन टाकून पाहतो. रिकामं, लोंबतं चाक कोणी पाहत नाही. मीसुद्धा नाही पाहिलं.

६ फेब्रुवारी

अब्बांना दाखवलं. त्यांनी नळी बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाले, "लांब नळी मंगळवारी येईल अकोल्याहून. रविवारी फुलसिंगच्या पोरीचा, नीताचा साखरपुडा हाये. हळू चालव म्हणतो त्याले. रविवारी गाडी देतो अशी जुबान देल्ली म्या, बेटा."

तेवढ्यात फुलसिंगकाका आले. ऐकून हसले. "पोरी, आदी तं दोरीनं बांधून चालवली म्या हे गाडी! तू लय शिकली, म्हणून भेव वाटते तुले."

मागे बायका बसणार. नीता बसणार. हळू चालवलं म्हणून चाक हवेत जायचं थांबतं का?

"पोरगी गॅरेजात?" – माझ्यापायी अब्बांनी किती लोकांचं ऐकून घेतलं. आता त्यांची जुबान मीच मोडू?

७ फेब्रुवारी, शनिवार

मोडली.

जीप लाकडी ओंडक्यांवर आहे. मागची दोन्ही चाकं काढली. नट माझ्या पर्समध्ये. बायकांनी नाला पायी ओलांडून पुढे बसावं म्हणून नाल्याच्या अलीकडे उभी राहायला दुसरी गाडी ठरवली, मग फुलसिंगकाकांना फोन केला – "काका, तुमची जीप उद्या मिळणार नाही. चाकं मी काढली, अब्बांनी नाही." ते ओरडत राहिले. अब्बा समोरच उभे होते. नटांसाठी त्यांनी हात पुढे केला.

दिले नाहीत.