खोबऱ्यामागचा डबा

पेन पुसले, हात दोनदा धुतले, तरी बोटांचा चिकटपणा जात नाही. कागदावर डाग पडेल. तो इंजिने पुसताना लागलेल्या एरंडेलाचा आहे. खाडाखोड समजू नये.

मी वसंत भिकाजी तेंडोलकर, वय एकसष्ट, मूळ गाव वेंगुर्ले, सध्या राहणार बर दुबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे आणि परवा अबुधाबीला डॉक्टर ती उघडणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर हे काम दहा वर्षांपूर्वी झाले असते.

१. वेंगुर्ल्याचे घर माझ्या पश्चात पत्नी संध्या हिचे. तिला ते विकावेसे वाटले तर माझ्या भावांनी तिला वडिलांच्या आठवणी सांगायला जाऊ नये.

२. बँकेत जे असेल ते संध्याचेच.

३. रास अल खोरच्या वर्कशॉपमधले माझे लहान लेथ मशीन मुलगा कुणाल याला देणार होतो. काल फोनवर विचारले. "बाबा, आय लिव्ह इन अ स्टुडिओ. लेथ बेडवर ठेवू का?" म्हणाला. बरोबर आहे. मशीन वर्कशॉपमध्येच राहावे. कुणालने माझे घड्याळ घ्यावे. ते मागे पडते.

४. माझी मॉडेल विमाने आणि त्यांची डिझेल इंजिने प्रकाश सामंत यास. शुक्रवारी सकाळी वर्कशॉपांच्या मागच्या मैदानात आम्ही दोघे विमाने उडवतो. माझे विमान पडल्यावर तो कधी बोलला नाही, नुसता तुकडे गोळा करायला आला. अपवाद एक. हिरव्या पट्ट्याचे इंजिन मैदानावर येणाऱ्या रामेश्वरला द्यावे. ते सुरू होत नाही म्हणून तो मला चारचौघांत हसत असे. आता त्याने पंखा फिरवून स्वतःची बोटे सोलून घ्यावीत.

५. इंधन. हेही प्रकाशचे, पण त्याबद्दल थोडे लिहिले पाहिजे.

या इंजिनाचे डिझेल पंपावर मिळत नाही. इथर, रॉकेल आणि एरंडेल सारख्या मापाने मिसळून ते घरी करतात. त्यातले इथर पळपुटे. इथल्या उन्हाळ्यात ते बाटलीत उकळू लागते, टोपण जरा सैल असले तर निघून जाते. त्याची वाफ हवेहून जड. जमिनीवर पसरते, दाराखालून जाते आणि विस्तव शोधते. म्हणून डबा पत्र्याचा असावा, टोपण घट्ट असावे, जागा थंड असावी आणि जवळ ठिणगी नसावी. घरच्या फ्रिजमध्ये तो कधीही ठेवू नये. फ्रिज थंड असतो, पण त्याच्या आत दिव्याचे बटण असते, थर्मोस्टॅट असतो, आणि दोन्ही ठिणगी टाकतात. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हे शिकवले आहे.

आमचा डबा घरच्या फ्रिजमध्ये आहे. घर आमचे नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये मैमुनाबी राहतात. दाभोळच्या. नवरा जहाजावर. आमचा फ्रिज लहान, म्हणून त्यांनी आपल्या फ्रिजची वरची फळी आम्हाला दिली. संध्याचे देवाचे खोबरे, लोणी, उपासाचे तिथे असते. मैमुनाबींच्या घरी मासळी रोज. त्यांनी ती फळी धुतली, तिच्यावर पांढरे कापड घातले आणि त्यानंतर तिला कधी हात लावला नाही. संध्याने सांगितले नव्हते. त्यांनीच ठरवले.

आमच्या घरात इंधन ठेवायचे नाही, असे संध्याने मला बजावले होते. बाल्कनीत डबा फुगतो. वर्कशॉपचा एसी सुटीच्या दिवशी बंद. जूनमध्ये संध्याने खोबऱ्याचा डबा ठेवायला मला समोर पाठवले. मी खोबऱ्यामागे दुसरा डबा ठेवला. त्या फळीला कोणी हात लावणार नाही, हे मला माहीत होते. त्याच भरवशावर ठेवला.

परवा मैमुनाबी म्हणाल्या, "वसंतभाऊ, फ्रिज उघडला की दवाखान्यासारखा वास येतो. बिघडला की काय?" मी म्हणालो, बघू.

माझ्या पश्चात प्रकाशने तो डबा काढून घ्यावा.

सही करण्याआधी जे झाले तेही इथेच लिहितो, कारण कलम पाच त्यामुळे रद्द झाले.

साक्षीदार म्हणून मी प्रकाशला आणि मैमुनाबींना बोलावले होते. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही बघायची असते. म्हणूनच मैमुनाबींना बोलावायला मी धजलो. प्रकाश आधी आला. इंजिनांचे काय लिहिले ते बघतो म्हणून त्याने कागद उचलला. वाचता वाचता तो उभा राहिला.

"वसंतराव, हे तुम्ही मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"आणि तोवर? फ्रिज काय तुमच्या मरणाची वाट बघत थांबणार आहे?"

"आज बोलू कसं? संध्या आत आहे."

"तिचं तोंड बघायला लागू नये म्हणून मृत्युपत्र लिहिलंत!"

मी पुन्हा पेन पुसू लागलो. बोललो असतो तर हो म्हणावे लागले असते.

तेवढ्यात मैमुनाबी आल्या. दार उघडेच टाकून आल्या होत्या. हाताला तांदळाचे पीठ. "कुठे करायची सही? यल्ला, लवकर सांगा. तवा तापत ठेवून आलेय."

प्रकाशने माझ्याकडे बघितले. तो सांगू शकला असता. ते त्याने माझ्यावर सोडले.

मी म्हणालो, "मैमुनाबी, गॅस बंद करून या. फ्रिज उघडू नका. दिव्याला, प्लगला, कशाला हात लावू नका. खिडकी उघडा आणि परत या."

"का? झालं काय?"

"तुमच्या फ्रिजमध्ये मी पेटणारं ठेवलंय."

त्या गेल्या. संध्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने ऐकले होते. मैमुनाबी परत आल्यावर मी सगळे सांगितले. फळीचेही सांगितले.

"खोबऱ्याच्या मागे?" त्यांनी विचारले.

"हो."

"तिथे मी बघत नाही म्हणून?"

"हो."

"विचारलं असतंत तर नाही म्हटलं असतं मी."

"म्हणून विचारलं नाही."

संध्या म्हणाली, "मैमुना, मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुझं नाव कोण घेतंय?"

फ्रिज उघडला की दिवा लागतो, म्हणून प्रकाशने आधी कॉरिडॉरमधल्या मीटरवरून त्यांच्या घरची वीज तोडली. मी आत जायला निघालो. त्याने मला दारातच अडवले. "छाती परवा उघडायचीय तुमची. उभे राहा." मी तिघांच्या मागे उभा राहिलो. डबा बाहेर आला तेव्हा टोपण सैल होते. मी हातात घेतला. हलका लागला. जे कमी झाले होते ते त्या घरात गेले होते.

प्रकाशने गाडीच्या काचा खाली करून डबा मैदानावर नेला, इंधन उथळ ट्रेमध्ये ओतले, इथर उघड्यावर उडू दिले आणि परत आला. "खलास," एवढेच म्हणाला. तोवर संध्याने फळीवरचे आपले सगळे सामान घरी आणले होते. मैमुनाबींनी तिला 'ने' म्हटले नाही, 'ठेव' असेही म्हटले नाही.

मग त्या टेबलाशी बसल्या. मी म्हणालो, तुम्ही सही केली नाहीत तरी चालेल, दुसरे कोणी बघतो.

"मी केली नाही तर तुम्ही उद्या निघणार कसे?" त्यांनी पेन घेतले. "तुम्ही शुद्धीत लिहिलंत, एवढंच ना मी सांगायचं? ते खरंय. शुद्धीतच केलंत सगळं. माफ केलं असं कुठे लिहू नका."

लिहीत नाही.

कलम पाच रद्द. इंधन शिल्लक नाही. बाकीची कलमे कायम.

मी पाहत असताना साक्षीदारांनी आणि साक्षीदार पाहत असताना मी, अशा आम्ही तिघांनी सह्या केल्या.

वसंत भिकाजी तेंडोलकर

साक्षीदार:
प्रकाश सामंत, देरा
मैमुनाबी, समोरचा फ्लॅट

बर दुबई, सोमवार, ३ ऑगस्ट १९९८

मंगळवार. सकाळी आम्ही अबुधाबीला निघालो. मैमुनाबी दारात आल्या. त्यांनी संध्याच्या हातात भाकऱ्यांची पुडी दिली आणि पोचल्यावर फोन करायला सांगितले. माझ्याशी बोलल्या नाहीत.