एक दाबा, दोन दाबा

३ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे कोणी कंपनीचा इतिहास लिहायला घेतला तर साधनं हाताशी हवीत.
कंपनी म्हणजे मी. जिन्याखालची खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, दारावर पितळी पाटी. आम्ही वेबसाइट बनवतो. सध्या कोणाचीच बनवत नाही, पण आम्ही सिलेक्टिव्ह आहोत.
बायकोने मुदत दिली आहे. महिनाअखेर काम मिळालं नाही तर खोली सोडायची आणि तिच्या भावाच्या फरशीच्या दुकानात बसायचं. मी आणि फरशी! हसलो. ती हसली नाही.

४ जून
मास्टरस्ट्रोक. एका डॉक्टरीणबाईंचे दातांचे पाच दवाखाने आहेत. त्यांना अपॉइंटमेंट, बिलं आणि कॅमेरे, सगळं एकाच ठिकाणाहून हवंय. मला अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर येतं. म्हणजे येईल. वरच्या मजल्यावरचा बिलिंगवाला बिलांचं करतो, समोरचा कॅमेरावाला कॅमेरे लावतो. दोघंही माझ्यासारखेच एकटे जीव. तिघांनी एक व्हायचं. कामं आपापली, क्लायंटसमोर तोंड एक. तोंड माझं.

९ जून
पहिली जॉइंट मीटिंग. नाव कोणाचं आधी यावर अख्खी दुपार गेली. शेवटी मीच तोडगा काढला. लोगोत नावं गोलात लिहायची. गोलाला पहिला नसतो की शेवटचा. दोघं थक्क झाले. निदान गप्प तरी झाले.

१२ जून
एका दवाखान्यात ट्रायल मिळाली! जमलं तर महिनाअखेर पाचही आपले. बाईंची अट एकच. बिघाड झाला तर त्या तिघांना फोन करत बसणार नाहीत, एकच नंबर हवा.
घरी सांगितलं. बायकोने विचारलं, तो उचलणार कोण? हिला नको तिथे शंका काढायची सवयच आहे.

१३ जून
उचलणार कोण यावर खल. कॅमेरावाला कायम शिडीवर. बिलिंगवाल्याला अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मला स्ट्रॅटेजी बघायची असते. म्हणून रेकॉर्डिंग. माझ्या आवाजात. ‘नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा, कॅमेऱ्यासाठी तीन दाबा.’ एकाने नाही उचलला तर कॉल आपोआप दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, तिथून परत पहिल्याकडे. लोगोसारखंच.
बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवलं. म्हणाली, आवाज चांगला आहे, दुकानात उपयोगी पडेल. दुर्लक्ष केलं.

२० जून
सगळं सुरळीत. दुपारी जरा पडलो होतो तेव्हा फोन वाजला. वाजू दिला. सहकार्याचा फायदा तो हाच. नंतर कॅमेरावाल्याला विचारलं, तर त्याला वाटलं बिलिंगवाल्याने घेतला. बिलिंगवाल्याला वाटलं मी घेतला. म्हणजे कोणीतरी घेतला असणारच.

२६ जून
घात झाला. मी काल सॉफ्टवेअरमध्ये एक किरकोळ सुधारणा केली होती. तिच्यामुळे आज सगळ्या पेशंटना दहाचीच वेळ गेली. दवाखान्यात सुजलेल्या गालांची जत्रा. बाईंनी फोन लावला. मी आंघोळीत. कॅमेरावाला शिडीवर. बिलिंगवाला वाजणाऱ्या फोनकडे बघत बसला. कॉल गोल गोल फिरत राहिला आणि दर फेरीला माझं नमस्कारापासून सुरू. बाईंचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात, म्हणून फोन स्पीकरवर. एक आजोबा म्हणे शेवटी माझ्याबरोबर म्हणायला लागले.
बाकी आवाज स्पष्ट येत होता, हे कोणी बोलत नाही.

२७ जून
तिघं माफी मागायला गेलो. बिलिंगवाल्याने कॅमेरावाल्याकडे बोट दाखवलं, त्याने माझ्याकडे. मी, दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून, बिलिंगवाल्याकडे. बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “आवाज छान आहे तुमचा. माणूस कुठे असतो?”
मला चोख उत्तर सुचलं. जिना उतरल्यावर.
कॅमेरे आणि बिलं त्यांनी ठेवली. अपॉइंटमेंट पुन्हा वहीत.

३० जून
पाटी काढली. एक स्क्रू काही केल्या निघेना. बायको आली, तिने काढला, पाटी ओढणीने पुसली आणि पिशवीत ठेवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.
अर्थात हे तात्पुरतं आहे. फरशीच्या धंद्याला व्हिजन असलेला माणूस हवाच होता.

१ जुलै
दुकान. मेहुण्याने फोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाला, भावोजी, ताई सांगत होती, तुमचा आवाज चांगला आहे. ही बहीणभावंडं एकाच शाळेतली.
पहिला फोन. ठरवलं, या वेळी पहिल्याच घंटेला उचलायचा. उचलला. घसा साफ केला. नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हटलं.
पलीकडून टुक असा आवाज आला. कोणीतरी एक दाबलं होतं.
अहो, मी खरा माणूस बोलतोय, म्हटलं.
“हेही रेकॉर्ड केलंत का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि फोन ठेवला.
दवाखान्याला फरशी हवी असणार. मेहुण्याने विचारलं, कोण होतं? राँग नंबर, म्हटलं.
उद्यापासून नुसतं हॅलो म्हणायचं.